दार क्रमांक एकशे चौदा

निवृत्त माणसाला "तुम्ही काहीतरी करा ना" असं कधी म्हणू नये. तो करतो.

काकूंना हे वाक्य त्यांच्या पुतणीने ऐकवलं, आणि पुढचे दोन महिने त्या घरात जे झालं त्याला ती एकटी जबाबदार आहे. ही पुतणी दातांच्या दवाखान्यात पेशंटांच्या वेळा लिहून घेते आणि येता-जाता कानात गोष्टी ऐकते. एका रविवारी तिने आपल्या कानातून इअरफोनचं एक बोंड काढून काकूंच्या कानात बसवलं. "ऐका काकू, तुमच्या रेडिओसारखंच आहे. नाटक. आता सगळे फोनवर हेच ऐकतात."

काकूंनी दोन मिनिटं ऐकलं.

"हा माणूस चिखलातून चाललाय म्हणतो."

"हो."

"मग पाय फरशीवर का वाजतायत?"

"काकू, गोष्ट ऐका ना."

"गोष्ट कशी ऐकू? तो अजून चिखलात पोचलेलाच नाही."

त्यावर पुतणी म्हणाली, "मग तुम्हीच काहीतरी करा ना."

काकूंनी एकतीस वर्षं रेडिओ केंद्रात नाटकांना आवाज पुरवले होते. गळ्यातले नव्हेत, ते काम नटांचं. बाकी जे जे वाजतं ते काकूंचं. घोडा म्हणजे दोन करवंट्या, पाऊस म्हणजे पत्र्यावर ओतलेले तांदूळ, आग म्हणजे बिस्किटाच्या पुड्याचा चुरगळलेला कागद आणि मोडलेलं हाड म्हणजे गाजर. एका ऐतिहासिक नाटकात दोन्ही बाजूंचं सैन्य, हत्तींसकट, त्या एकट्या होत्या. केंद्रात त्यांना खुडबुडबाई म्हणत. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. वाईट वाटे ते वेगळ्याच गोष्टीचं.

त्या काळी नाटक संपलं की निवेदक नावं वाचायचा. आधी लेखक, मग दिग्दर्शक, मग नायक, नायिका, तिचा बाप, दूधवाला. ध्वनिसंकेत सगळ्यांत शेवटी. आणि नाटकाच्या मागोमाग बातम्या. निवेदक "ध्वनिसंकेत" या शब्दाशी यायला आणि बातम्यांचे ठोके पडायला नेहमी एकच गाठ पडायची. एकतीस वर्षांत काकूंचं नाव एकदाही हवेत गेलं नाही. एकदा "ध्वनिसंके" एवढं गेलं होतं, तर त्यांच्या आईने चार घरी जाऊन सांगितलं, की शेवटी जे अर्धं राहिलं ना, ती आमची मुलगी.

तेव्हा काकूंनी पुतणीला एकच प्रश्न विचारला. "या तुमच्या फोनवर गोष्टीनंतर बातम्या असतात का?"

"छे. तुमची गोष्ट, तुमची वेळ. शेवटपर्यंत."

झालं. काकू उठल्या आणि गॅलरीतल्या दारावरून काकांचा टॉवेल काढला.

या दाराबद्दल सांगायला हवं. ते गॅलरीचं दार नव्हे. ते गॅलरीत ठेवलेलं, तीन फूट उंचीचं, आपल्या चौकटीसकट उभं असलेलं दार आहे. त्याच्या अलीकडेही गॅलरी, पलीकडेही गॅलरी. त्याला दोन कड्या, तीन कोयंडे, एक साखळी आणि एक अडसर. रेडिओ नाटकांतलं प्रत्येक दार, राजवाड्याचं, तुरुंगाचं, सासरचं, हेच होतं. केंद्रात संगणक आल्यावर ते भंगारात निघालं, तेव्हा काकूंनी ते टेम्पोत घालून घरी आणलं. काका तेव्हा म्हणाले होते, "यातून जाणार कोण?" आणि मग स्वतःच त्यावर टॉवेल वाळत घालू लागले. काका वजनमापे निरीक्षक होते. उपयोग नसलेली वस्तू त्यांना बघवत नाही.

गोष्ट पुतणीने लिहिली. ओसाड बंगला, वादळ, भिजलेला प्रवासी. प्रवाशाचं काम काकांकडे आलं, कारण घरात दुसरा पुरुष नव्हता. काकांनी ते तपासणी अहवाल वाचावा तसं वाचलं. "समोर. एक बंगला. दिसत होता. अंदाजे. दुमजली."

"अहो, तुम्ही घाबरलेले आहात," काकू म्हणाल्या.

"मी अशा बंगल्यांत एकटा जाऊन काटे तपासलेत. मी कशाला घाबरू?"

बंगल्याच्या रखवालदाराचं काम वरच्या मजल्यावरच्या वकिलांकडे कसं गेलं, तेही सांगते. तालमीच्या तिसऱ्या दिवशी पुतणीने "सोडा मला" अशी किंकाळी फोडली आणि त्याच क्षणी काकूंनी बादलीत काचा ओतल्या. दोन मिनिटांत जिन्यात वरखालचे सगळे जमले. समोरच्या शिवणवाल्या बाई हातात कात्री घेऊन आल्या होत्या आणि काकांकडे अशा बघत होत्या, की चाळीस वर्षांचा शेजार आज कळला. वकील पुढे झाले. "काका, काही बोलू नका. जे सांगायचं ते माझ्यामार्फत."

नाटक आहे असं समजल्यावर वकिलांचा चेहरा पडला. समजूत काढायला त्यांना रखवालदार करावं लागलं. शिवणवाल्या बाईंना मात्र हा सगळा खटाटोप पटला नाही. "आता असं कुणी करत नाही, काकू. फोनवर नुसतं लिहायचं, 'जुनं दार उघडलं'. आवाज तयार होऊन येतो." त्यांनी लगेच लिहून दाखवलं. आवाज आला. काकूंनी नीट ऐकून घेतला.

"बदक आहे," त्या म्हणाल्या.

"तेल नसलेलं दार आहे ते."

"बाई, मी बदकही केलंय, दारही केलंय. हे बदक आहे. आणि त्याला बरं नाही."

झोपायच्या खोलीत गाद्या उभ्या केल्या, पंखा बंद केला, आणि चौघांनी घामाघूम होत बावीस मिनिटांची गोष्ट फोनवर घेतली. काकूंनी त्या बावीस मिनिटांत अठ्ठावीस आवाज काढले. वटवाघूळ म्हणून काकांचे हातमोजे फडफडवले आणि भिजल्या प्रवाशाची पावलं म्हणून ओल्या टॉवेलवर काकांचे तपासणीचे बूट चालवले. मग सगळे पलंगावर बसून ऐकू लागले.

वादळ नव्हतं. पावलं नव्हती. वटवाघूळ नव्हतं. काका कोरड्या शांततेत "समोर. एक बंगला" म्हणत होते, आणि प्रत्येक वाक्याआधी त्यांचं घसा खाकरणं तेवढं स्वच्छ ऐकू येत होतं. पुतणीने फोन उलटसुलट केला आणि ओशाळून म्हणाली, "काकू, फोन हुशार आहे. माणसाचा आवाज ठेवतो आणि आजूबाजूचा गोंगाट आपोआप काढून टाकतो."

"गोंगाट," काकू म्हणाल्या.

एकतीस वर्षांच्या नोकरीला इतक्या थोडक्यात कुणी निकालात काढलं नव्हतं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि पावसाचे तांदूळ निवडत बसल्या. पुतणीला फोनची ती हुशारी कुठून बंद करायची हे शोधायला दोन दिवस लागले. हुशारी बंद करायची सोय फार आत ठेवलेली असते.

दुसऱ्यांदा घेतलेली गोष्ट चांगली झाली. पुतणीने ती गोष्टींच्या अ‍ॅपवर चढवली. शेवटी तिने स्वतः सगळ्यांची नावं वाचली होती, आणि सर्वांत शेवटी, अगदी सावकाश, "ध्वनिसंकेत" म्हणून काकूंचं. संध्याकाळी काकू चांगली साडी नेसून, फोन टेबलावर ठेवून, ऐकायला बसल्या. गोष्ट संपली. पुतणीचा आवाज आला, "लेखन…" आणि तेवढ्यात ढॅण करून संगीत वाजलं, आणि कुणीतरी अनोळखी बाई हसऱ्या आवाजात वजन कमी करण्याच्या सात सवयी सांगू लागली.

"हे काय?"

"गोष्ट संपली असं अ‍ॅपला वाटलं की ते पुढचं लावून देतं," पुतणी खाली बघत म्हणाली. "लोक नावं ऐकत नाहीत ना. पण काकू, नाव लिहिलेलंसुद्धा आहे. हा बाण दाबायचा, मग 'आणखी', मग 'तपशील', मग खाली सरकत जायचं."

काकू सरकत गेल्या. नाव होतं. तिथवर जायला नात्यातलंच माणूस हवं.

"बातम्या बऱ्या होत्या," त्या म्हणाल्या. "त्यांची निदान वेळ ठरलेली होती."

इथवर फक्त दुर्लक्ष झालं होतं. चोरीचा आळ चौथ्या दिवशी आला. अ‍ॅपकडून पत्र आलं, की तुमच्या गोष्टीत सहाव्या मिनिटाला दुसऱ्याच्या मालकीचा आवाज आढळला आहे. सबब तो आवाज बंद केला आहे. ही पहिली ताकीद. तीन ताकिदी झाल्यावर तुमचं खातं आणि त्यातलं सर्व काही कायमचं काढून टाकलं जाईल.

सहाव्या मिनिटाला बंगल्याचं दार उघडत होतं. आता तिथे आठ सेकंद काहीच नव्हतं. काका बाहेर होते ते एकदम आत.

पत्रात मालकाचं नावही होतं. ती दूरदेशीची, आवाज विकणारी कंपनी होती. तिच्या यादीत हा आवाज नोंदलेला होता: दार, जुनं, भुताचं, क्रमांक एकशे चौदा.

"पण दार आपल्या गॅलरीत आहे," काकू म्हणाल्या.

काकांना काकूंपेक्षा जास्त लागलं. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या तराजूंत खोट शोधली होती, आणि आता उतारवयात घरात चोरीचा माल निघाला होता. ते दोन दिवस खाली फिरायला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी दार चारही बाजूंनी मोजलं, कड्या-कोयंडे मोजले आणि एका कागदावर लिहून खाली सही केली: "प्रत्यक्ष तपासले. बरोबर आढळले." निवृत्तीनंतरची त्यांची ही पहिली सही.

वकिलांनी अपील लिहिलं. चौदा पानं. पण अ‍ॅपवर अपिलाची चौकट होती तीनशे अक्षरांची. तीनशे अक्षरांत वकिलांचं "अर्जदार नम्रपणे निवेदन करतात की" आणि काकूंचा पत्ता एवढंच मावलं. खाली एक प्रश्न होता, हा आवाज तुमचा कसा? आणि उत्तरं तीनच: विकत घेतला, परवानगी घेतली, माहीत नाही.

"मी केला, असं कुठे लिहू?" काकूंनी विचारलं.

"तसं उत्तर नाहीये."

वकिलांनी "माहीत नाही" दाबायचा सल्ला दिला. कोर्टात ते नेहमी उपयोगी पडतं म्हणाले. तासाभराने उत्तर आलं: आपल्या भावना आम्ही समजतो. निर्णय कायम.

मग पुतणीने त्या कंपनीच्या यादीतलं एकशे चौदा शोधून काढलं आणि वाजवलं. दार करकरलं. आधी बारीक, मग मधे अडखळून, मग घोगरं होत गेलं, आणि शेवटी एक छोटासा "चक्" झाला.

काकू ताठ बसल्या. "परत लाव."

परत लावलं. कंपनीने त्या "चक्"ला यादीत कडीचा आवाज म्हटलं होतं. पण ती कडी नव्हती. एखादा आवाज मनासारखा झाला नाही की काकू जिभेने "चक्" करायच्या. दिग्दर्शक त्यावरून ओरडायचे. हा "चक्" तसाच राहून गेला होता, कारण नाटक संध्याकाळी जायचं होतं आणि पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. केंद्राच्या जुन्या टेपा कधी कुणी कुणाला दिल्या, त्यांनी पुढे कुणाला, आणि काकूंची जीभ भुताच्या दाराची कडी होऊन बसली.

"केवढ्या लोकांनी घेतलंय हे," पुतणी म्हणाली. "मालिका, जाहिराती, खेळ. सगळीकडे हेच आहे काकू."

त्या संध्याकाळी काकू भाजी घेऊन जिना चढत होत्या. पहिल्या मजल्यावर कुणाच्या तरी टीव्हीवर दार करकरलं, चक्. दुसऱ्या मजल्यावर शिवणवाल्या बाईंच्या फोनमध्ये, चक्. जी दारं आजवर कानावरून गेली होती ती आता एकेक करून ओळख सांगू लागली. अभिमान वाटायला हवा होता. काकूंना तोंड लपवावंसं वाटलं. इतकी वर्षं, इतक्या घरांत, आपलं न जमलेलं दार उघडतंय.

पुरावा म्हणून वकिलांनी नवीनच युक्ती काढली. त्याच दाराचा, त्याच काकूंनी काढलेला आवाज आज घ्यायचा, "चक्"सकट, तीन साक्षीदारांसमोर, आणि अ‍ॅपवर चढवायचा. साक्षीदार म्हणून काका, शिवणवाल्या बाई आणि स्वतः वकील गॅलरीत दाटीवाटीने उभे राहिले. काकूंनी बिजागरीला थोडी राख चोळली, दार उघडलं आणि जाणूनबुजून "चक्" केलं.

वीस मिनिटांत दुसरी ताकीद आली. हाही आवाज क्रमांक एकशे चौदाच असून तो त्या कंपनीच्या मालकीचा आहे.

पुतणी रडायच्या बेतात आली. आणखी एक ताकीद, की सगळं संपलं. काकूंनीही फोन पालथा घातला. "राहू दे. आवाज काय, हवेतलाच होता."

वकील मात्र खुर्चीत असे टेकले, की वीस वर्षांत त्यांचा एखादाच दावा इतका जमून आला असावा. "तुम्हाला कळतंय का काय झालं? आज सकाळी, तीन माणसांसमोर केलेला आवाजसुद्धा एकशे चौदाच आहे, असं ते लेखी म्हणतायत. म्हणजे जुना आणि हा एकच, हे त्यांनीच कबूल केलं. आता फक्त एवढंच विचारायचं, की आज सकाळी तुमची कंपनी आमच्या गॅलरीत होती का?"

हे वाक्य तीनशे अक्षरांत सहज बसलं. काकांच्या तपासणीचा कागद, दाराचा फोटो आणि दारामागे उभ्या काकूंचा फोटो जोडला. चार दिवस यंत्राने भावना समजून घेतल्या. पाचव्या दिवशी माणसाचं पत्र आलं. आवाज विकणाऱ्या त्या कंपनीतल्या एका बाईंनी लिहिलं होतं, की आमच्या कार्यालयात आम्ही सगळ्यांनी दोन्ही आवाज ऐकले आणि थक्क झालो. दोन्ही ताकिदी मागे घ्यायला अ‍ॅपला कळवलं आहे. आपली गोष्ट मोकळी आहे. आपलं नाव यादीत घालायला आम्हाला आनंद झाला असता, परंतु यादीत करणाऱ्याच्या नावासाठी रकाना नाही.

काकूंनी पत्र दोनदा वाचून घेतलं.

"चौदा हजार आवाज आहेत त्यांच्याकडे," पुतणी म्हणाली. "एकालाही रकाना नाही."

"उत्तर लिही," काकू म्हणाल्या. "लिही, की तुमचा एकशे चौदा नंबर मला पसंत नाही. मधे अडखळतो. सोबत चांगला करून पाठवते आहे, तो लावा, आणि जुना काढून टाका. लोकांच्या घरात वाजतो, मला लाज वाटते."

"काकू, फुकट?"

"मग वाईट माल तसाच ठेवू?"

यावर काकांनी वर पाहिलं. लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली, पण बायको आपल्याच खात्यातली आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं.

तो नवा दाराचा आवाज घ्यायचा तर गोष्टही नव्याने घेऊ, असं ठरलं. पुन्हा गाद्या, पुन्हा पंखा बंद. सहावं मिनिट आलं. काकूंनी दार उघडलं, असं, की शिवणवाल्या बाई, ज्या आता रोजच येऊन बसत, त्यांनी पदर आवळून घेतला. पुतणीच्या गोष्टीत या जागी रखवालदार "कोण आहे?" असं विचारतो आणि कुणीच उत्तर देत नाही. तीच तर भीती. वकिलांनी उलटतपासणीच्या सुरात विचारलं, "कोण आहे?"

आणि काकू फोनशी वाकल्या. त्यांनी आपलं नाव सांगितलं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग काकांचं, मग आडनाव, शांतपणे, एकेक अक्षर सुटं करून. आणि शेवटी म्हणाल्या, "ध्वनिसंकेत."

काकांनी खाकरणंसुद्धा विसरून पुढचं वाक्य वाचलं, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला.

"काकू, हे काय केलंत?" संपल्यावर पुतणी म्हणाली. "भूत कोण आहे हे कळलं तर भीती काय राहिली?"

"एकतीस वर्षं कुणाला कळलं नव्हतं. तेव्हा कोण घाबरलं?"

पुतणीने ते कापलं नाही. सहाव्या मिनिटाला अ‍ॅपला काही कळत नाही. तिथे पुढचं लावून देता येत नाही.

आठवड्याभरात गोष्ट चारशे लोकांनी ऐकली. अ‍ॅपच्या हिशेबात चारशे म्हणजे कुणीच नाही. काहींनी खाली लिहिलंही. एकाने लिहिलं, भूत फार सभ्य आहे. दुसऱ्याने विचारलं, ध्वनिसंकेत हे गावाचं नाव का. पुतणी एकेक वाचून दाखवत होती आणि काकू तांदूळ डब्यात भरत होत्या.

"हे ऐका काकू. 'भुताचं नाव आईला विचारलं. आई म्हणाली, नाव ओळखीचं नाही. पण दार ओळखते मी. आम्ही लहान असताना या दाराने आम्हाला पांघरुणात घातलंय.'"

काकूंचे हात थांबले.

"त्या आईचं नाव काय?"

पुतणीने खालीवर सरकून पाहिलं. "लिहिलेलं नाहीये."

"मग विचार," काकू म्हणाल्या. "पूर्ण विचार."